डब्यातली अक्षरं

“आभाळ कसं करू?” भिंगरीने विचारलं.

फरशीवर पुठ्ठ्याचे चौकोन पसरले होते. पिवळ्या चौकोनांवर अक्षरं, तांबड्या पट्ट्यांवर काना, मात्रा, वेलांट्या. खोके बनवायच्या कारखान्यात नवी पुठ्ठा कापायच्या कामावर होती. उरलेल्या तुकड्यांतून तिनेच हा खेळ कापला होता.

“आभाळ फार मोठं गं,” नवी म्हणाली. “आपल्या खोलीत मावायचं नाही. ढग कर.”

भिंगरीने ढग केला. मग ढ उचलून ज ठेवला. जग. ज उचलून म ठेवला. मग. मधे काना सरकवला. माग. एका वेळी एकच पत्ता बदलायचा, आणि झालेला शब्द मोठ्याने म्हणायचा. अर्थ नसलेला शब्द झाला, तर करणाऱ्याने त्याला अर्थ द्यायचा. काल भिंगरीने ‘टबूक’ केलं होतं.

“हे काय गं?” नवीने हसून विचारलं होतं.

“बादलीत खडा पडला की पाणी बोलतं ना, ते.”

भिंगरीच्या बाबांशी लग्न करून नवीला या घरात येऊन वर्ष होत आलं होतं, तरी शेजारणींच्या तोंडी ती अजून नवीच होती. भिंगरी तिला घरात काहीच म्हणत नसे. ‘अगं’ आणि ‘ऐक ना’ एवढ्यावर तिचं भागायचं. नवीने कधी विचारलं नाही. विचारून मिळालेली हाक काय कामाची?

भिंगरीला जन्म देणारी गेली, त्याआधी कित्येक महिने आजारी होती. वर्गात मुलं अक्षरं गिरवत होती, तेव्हा भिंगरी दवाखान्याच्या बाकावर पाय हलवत बसलेली असायची. अक्षरं तिला भेटलीच नाहीत. म्हणून नवीने पत्ते कापले. सगळे कापले, सगळे रंगवले. दोनच डब्यात टाकले नाहीत. एक आ, दुसरा ई.

ते दोन शेजारी शेजारी आले की काय होतं, हे तिला ठाऊक होतं. बोटांना जरा वळण लागलं की मुलं आधी तोच शब्द जुळवतात. भिंगरीच्या बोटांखालीही तो उमटेल. मग ती भिंतीवरच्या फोटोकडे बघेल आणि रडेल. किंवा रडणार नाही, नुसती नवीकडे बघेल. दोन्हींतलं कुठलं आपल्याला सोसणार नाही, ते नवीला ठरवता येत नव्हतं. पोर जरा सावरली की देऊ, असं ती स्वतःला बजावी. तोवर ते दोन पत्ते तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, चाव्यांच्या सोबतीला.

आणि आज बाईंनी दोघींना शाळेत बोलावलं होतं. भिंगरीला वरच्या वर्गात बसवायचं की याच वर्गात पुन्हा ठेवायचं, ते आज ठरणार होतं.

“वर गेले ना, तर मी खिडकीजवळ बसणार,” रस्त्यात भिंगरी म्हणाली. “आणि नाही गेले तर सगळे मला आजीबाई म्हणणार. छोट्यांच्यात सगळ्यांत म्हातारी मीच.”

वर्ग रिकामा होता. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिले. पायरी. कुलूप. विमान. खेळणं. भिंगरीने ते धडाधड वाचले, बोरं वेचावीत तसे. बाईंच्या भुवया वर गेल्या. नवीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

मग बाईंनी पुस्तक उघडलं. चित्रावर तळहात ठेवला. “चित्र बघून नाही हं. अक्षरं बघून.”

‘घरी ये.’ ‘दिवा लाव.’ ‘गाणं म्हण.’ पानावर साधीच वाक्यं होती. पण प्रत्येक ओळ एकाच हाकेने सुरू होत होती. भिंगरीचं बोट त्या हाकेवर गेलं आणि तिथेच राहिलं. तिने ओठ मिटले. दुसऱ्या ओळीवर बोट नेलं. परत तेच. तिसऱ्या ओळीवरही. वेणीचं टोक तिच्या तोंडात गेलं.

बाईंनी पुस्तक हळूच मिटलं आणि नवीला खिडकीशी नेलं.

“मला वाटलंच होतं,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “सगळं येतं तिला. पण हा एक शब्द ओठांवर येत नाही पोरीच्या. जखम ओली आहे अजून. एक वर्ष इथेच राहू दे तिला. मला वाटतं, तेच बरं.”

नवीने मान हलवली. इतके दिवस जपून, झाकून, शेवटी पोर त्याच दगडाला अडखळली होती. आपण तिची कोणी झालोच नाही, एवढंच तिला त्या मिटल्या ओठांवर वाचता आलं.

बाई मात्र परत भिंगरीजवळ गेल्या. गुडघ्यांवर बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला. “भिंगरे, खरं सांग हं बाळा. हा शब्द वाचायला घेतला की त्रास होतो का गं? कोणाची आठवण येते?”

भिंगरी गोंधळली. तिने पुस्तकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. खिडकीशी उभ्या नवीकडे पाहिलं आणि तिचे भरलेले डोळे बघून ती पुरती घाबरली. ती बाईंच्या कानाशी वाकली. तिला वाटलं, आपण कुजबुजतोय. पण रिकाम्या वर्गात ते लख्ख ऐकू गेलं.

“बाई, आईला रागावू नका ना. तिला कारखान्यात खूप काम असतं. ही दोन अक्षरं करायची राहिलीत तिची.”