अंगणातली आंघोळ

रझाकारांच्या धामधुमीत शिवकांताबाईंच्या डॉक्टर लेकानं, विरुपाक्षनं, एकच ध्यास घेतला होता. मेंढीच्या रक्तातला लाल अंश गाळून माणसाच्या रक्ताऐवजी चालेल असं औषध करायचं, म्हणजे गोळी लागलेला माणूस रक्ताविना जाणार नाही. पण घर पडलं लिंगायताचं, मांस-रक्ताचा विटाळ मानणारं; मेंढीचं रक्त अंगावर घेऊन आला की अंगणात आंघोळ केल्याशिवाय बाई त्याला उंबरा ओलांडू देत नसत.

एक दिवस भावकीतले अण्णाराव चार माणसं घेऊन दारात आले. "जनावराचं रगत या घरात चालायचं न्हाय. पोराला बाहेर काढा, न्हायतर वाळीत टाकतो."

बाईंनी दंडावरची पट्टी सोडली.

"त्याच्या अंगावरचं रगत म्या रोज धुऊन घेतलं, अण्णा. आज त्या औषधाची पहिली सुई म्याच टोचून घेतली. आता माझ्या आतलं कुठनं धुता, सांगा!"