मढवलेला भाता

नगरच्या चर्चमधला मोडका पाइप ऑर्गन शांतवनरावांनी वर्षभर खपून पुन्हा उभा केला. उंदरांनी कुरतडलेला भाता स्वतः नव्या चामड्यानं मढवला. बायको हाच ऑर्गन वाजवायची, तिच्यासाठीच हे चाललंय, असं ते म्हणत. पण ती उन्हाळ्यातच गेली. आज उपासनेत पाळकांनी त्यांना शाल पांघरली, टाळ्या झाल्या. शांतवनरावांनी लेकीला हाक मारली, "एस्तेर, ये बाळा, आईसाठी तूच पहिलं गीत वाजव." एस्तेर बाकावरून हलली नाही. "पप्पा, आई शेवटी तुमचं नाव घेत होती. मी फोन केला, तर तुम्ही म्हणालात, चामड्याला सरस लावलाय, अर्ध्यात सोडून कसा येऊ?" शांतवनराव स्वतःच पट्ट्यांपुढं बसले. त्यांना वाजवता येत नव्हतं. त्यांचे हात मांडीवरच राहिले. मग पाळकांनी घसा खाकरून सगळ्यांना वाद्याविनाच गायला सांगितलं.