अग्रेसर

“हल्ला करणाऱ्याचं नाव सांगा, सर.”

सरांच्या तोंडून नाव निघेना. कपाळावर टेंगूळ, शर्टाचं एक बटण गायब, आणि समोर आपलाच जुना विद्यार्थी, आता पोलीस झालेला. पोटच्या पोराने ढकललं आणि कपाळ चौकटीवर आपटलं, हे सांगायच्या कल्पनेनेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेजारी बायको बसली होती. येताना एकदाच म्हणाली होती, “अहो, उद्या त्याला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय.”

“इंग्रजीत लिही,” सर म्हणाले. “माय सन इज द अ‍ॅग्रेसर.” इंग्रजीत लाज जरा कमी वाटते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

पोलीस पेन चावत म्हणाला, “अग्रेसर म्हणजे पुढारी ना, सर?”

“गाढवा, तो आपला अग्रेसर! हा अ‍ॅग्रेसर लॅटिनमधून आलाय.” शिकवायला मिळालं तसा सरांना हुरूप आला. “अ‍ॅड म्हणजे कडे. ग्रादी म्हणजे पाऊल टाकणं. दुसऱ्याच्या दिशेने पाऊल टाकतो, चालून जातो, तो हल्लेखोर.”

“म्हणजे पुढे जाणाराच की. मग आधी पुढे तो आला?”

“अर्थात—”

“तो दारात उभा होता,” बायको म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की दोघांनाही कान द्यावा लागला. “पुढे तुम्ही आलात. माझ्या अंगावर, नेहमीसारखे. तो फक्त मध्ये पडला.”

पलीकडच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. सरांची मान खाली गेली. मघाची लाज लोक काय म्हणतील याची होती. ही लाज वेगळी होती, आणि ती सांगायला त्यांच्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हता. मार खाणाऱ्या आईला वाचवलं म्हणून ते पोराला कोठडीत घालायला निघाले होते.

“राहू दे,” ते कसेबसे म्हणाले. “माझी काही तक्रार नाही. फाड तो कागद.”

पोलिसाने कागद फाडला. सर उठले, दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, “चल.”

बायको उठली नाही. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

“नवा कागद घे, बाळा,” ती म्हणाली. “माझी आहे.”