खाऱ्या गाळातलं कडं

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सूर्यभान अकोल्याच्या गाठींसोबत मुंबईला गेला आणि तिथल्या खाडीच्या चिखलात बुडाला. प्रेत मिळालं नाही. सोबतच्या गाडीवानांनी बातमी सांगितली, पोटभर जेवले, आणि हात धुता धुता म्हणाले, "तुमच्या खाऱ्या विहिरीच्या गाळासारखाच वास हाये तिथल्या चिखलाले."

सूर्यभानची बायको मैनाबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी, जिच्या पाण्याचं मीठ करत त्या खाऱ्या विहिरीत गाळ काढायला उतरली.

वरून दीर नत्थुजी ओरडला, "वयनी, आता तरी जोडवी उतरवा! लोक काय म्हनतीन?"

"गाळानं काळी पडली हायेत, भाऊजी. कोनाले दिसतात?"

खोटं नव्हतं. त्या कुजक्या वासाच्या गाळात चांदी एक दिवससुद्धा पांढरी राहत नसे.

इतक्यात तिच्या हाताला चांदीचं कडं लागलं. टवका उडालेलं, सूर्यभान जाताना घालून गेला तेच. ते पांढरंशुभ्र होतं, आणि आत्ताच मनगटातून काढल्यासारखं गरम.

"काय सापडलं?" नत्थुजीनं विचारलं.

"काई नाही."

तिनं कडं धरलेला हात पुन्हा गाळात कोपरापर्यंत खोल नेला. खालून ते कोणीतरी अलगद घेतलं.

मैनाबाईनं हात तसाच राहू दिला.