मेन बंद असताना

"इथंच उभी राहा. कुणी काय केलं ते तुझ्या डोळ्यांनी बघ," म्हणत सासूनं सुनेला दंडाला धरून मीटरखाली आणलं.

सून भिंतीला टेकली. नवरा जाऊन महिना झाला होता. त्या सकाळी तो मेन स्विच पाडून गिझर उघडून बसला होता. दिवे का गेले म्हणून हिनं मेन वर केला, आणि आतून नवरा पडल्याचा आवाज आला. तेव्हापासून हिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. परवा चक्कर येऊन पडली, दिवसभर दवाखान्यात सलाइन लावावी लागली. "मी मारलं," एवढंच ती डॉक्टरांपाशीही बोलली.

सासूच्या जिभेला हाड नव्हतंच. "अर्ध्या गल्लीच्या वायरी माझ्या लेकानं ओढल्या. त्याच्या कामात कुणी खोट काढावी, आहे का कुणाची छाती?" हे ती महिनाभर येईल त्याला ऐकवत होती. या घराचं वायरिंगही त्याचंच.

सासूनं बोलावलेला मिस्त्री म्हणजे लेकाला हे काम शिकवणारा उस्ताद. त्यानं झाकण काढलं, मेन खाली पाडला. पंखा थांबला. मग त्यानं घरात जाणाऱ्या वायरीला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला.

"मेन बंद आहे ना?" सासूनं विचारलं.

"आहे."

"मग हा मेला पेटतो कसा?"

मिस्त्री सुनेकडे वळला. "पोरी, वीज एका वायरीनं येते, दुसरीनं परत जाते. मेननं येणारी तोडायची असते. इथं जाणारी तोडलीय. दिवे विझतात, माणसाला वाटतं वीज गेली. पण ती आतच असते, दाराआड चोर उभा असावा तशी."

"म्हणजे मी मेन वर केला नसता तरी..."

"तरीही. तुझं बटण आणि वायरीवर त्याचा हात एकाच घटकेला पडला, एवढंच."

"ह्या वायरी जोडल्या कुणी?" सासू म्हणाली. "बोल की. दातखीळ बसली का?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "त्यानंच. घाईत असेल."

"ऐकलंस? चूक माझ्या लेकाची. गल्लीला मीच सांगते. फुकटचं पाप डोक्यावर घेऊन मिरवू नकोस. ताट वाढलंय, जेव जा."

सून महिन्यात पहिल्यांदा हमसून रडली. मग उठून ताटावर जाऊन बसली.

मिस्त्रीनं वायरी बदलल्या, झाकण लावलं. सासू त्याच्यामागं फाटकापर्यंत गेली. आतून ताटवाटीचा आवाज येत होता. तो ऐकत ती जरा वेळ उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून हळू आवाजात म्हणाली,

"परवा ही दवाखान्यात असताना माझ्या सांगण्यावरून ज्या वायरी उलट जोडल्यास, त्या सगळ्या सरळ केल्यास ना? माझ्या पोरानं जोडल्या होत्या, अगदी तशाच?"