जिभेला हाड

"जबड्यात इम्प्लांटचे स्क्रू बसलेत. खालची कवळी त्यांच्यावर आजच लावू, की हाड त्यांना पक्कं धरेपर्यंत तीन-चार महिने थांबू?" दंतवैद्यांनी विचारलं.

"आजच," आई म्हणाली. "तोवर मी टिकले पाहिजे ना."

"आई, तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?"

"नाही, म्हणून तर जबड्यात शोधतायत."

थांबायचं मीच ठरवलं. आई बोळकं हाताने झाकून हसत राहिली आणि एका दुपारी झोपेतच गेली.

आज दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला. "थांबलात ते बरं केलंत, हाडाने आता छान धरलं असेल. आईंना कधी आणताय?"

 

आईसमोर जे कधीच कबूल केलं नाही, ते मी त्या अनोळखी मुलीला सांगितलं, "आईचंच बरोबर होतं."