मूठभर अस्थींचा मणी

"एवढ्याच?" इद्रीसने पुरचुंडी सोडत विचारलं.

"एवढ्याच. राख निवल्यावर आईने वेचून दिल्या," श्रद्धा म्हणाली.

कॉलेजची प्रयोगशाळा दुपारच्या सुस्तीत होती. खिडकीबाहेर कातळावर ऊन पसरलं होतं. त्याच्यापलीकडे समुद्र झोपेत कूस बदलावी तसा हलत होता.

इद्रीस तिचा शाळेपासूनचा मित्र. भुकटी भाजून तिचा टणक दगड करायचा, हाच आता त्याचा अभ्यास.

"साध्या भट्टीत तासन् तास जातात," तो म्हणाला. "भट्टी तापवून वरून विजेचा दाब दिला, की काही क्षणांत कण कणाला बिलगतो. मधली पोकळी मिटून जाते."

"आणि बिघडलं तर?"

"वीज आवरली नाही तर तडकेल. दुसऱ्यांदा करायला भुकटी उरणार नाही." त्याने पुरचुंडीकडे पाहिलं. "काकूंना चालणार आहे ना?"

"आईला खाडीत सोडायच्या होत्या. बाबाच नको म्हणाले. 'जन्म बोटीवर काढला, आता समुद्राला आणखी काही द्यायचं नाही,' म्हणाले."

इद्रीसने मान हलवली. अस्थी कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. मधे भोक ठेवून त्यांचा खडूसारखा ठिसूळ मणी दाबला, त्याला दोन तारा जोडल्या आणि भट्टीत सोडला. भट्टीच्या झरोक्याला काळी काच होती. "इथून बघ," तो म्हणाला.

आत नुसती तांबूस धग. श्रद्धाच्या मनात आलं, हे हट्टाने आपणच ठरवलं. तडकला तर घरी काय सांगायचं?

इद्रीसने बटण फिरवलं. काहीच झालं नाही. मग एकाएकी मणी आतून उजळला. पांढरा, शुभ्र, चांदण्याचा थेंब असावा तसा. त्या उजेडात तिला जयगडच्या घराच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या दिसल्या. सुट्टीवर आलेले बाबा खाडीवरून भिजून परतायचे, पायरीपायरीवर ओली पावलं उमटायची, आणि ती वाळायच्या आत त्यांत आपलं पाऊल बसवत छोटी श्रद्धा मागे धावायची. उजेडात ती पावलं वर वर चढत गेली.

इद्रीसने वीज तोडली. उजेड विझला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. बघ, केवढासा झालाय."

निवलेला मणी त्याने टेबलावर टाकला. चिनी मातीच्या कपासारखा किणकिणला. कुठे तडा नव्हता. श्रद्धाने तो मुठीत घेतला आणि खूप वेळ मूठ उघडलीच नाही.

जयगडच्या एसटीत ती खिडकीशी बसली. आंब्याच्या बागा, कातळाचे उघडे सडे, खाडीचं पाणी, सगळं अर्धवट स्वप्नातल्यासारखं मागे जात होतं.

आई दारातच उभी होती. "तडकला नाय ना गो?"

श्रद्धाने मूठ उघडली. आईने मणी डोळ्यांना लावला आणि पदराने तोंड झाकलं. "जा, त्यांच्यासमोर ठेव," एवढंच म्हणाली.

श्रद्धाने तो आतल्या खोलीत नेऊन बाबांसमोर ठेवला.

बाबांनी मणी उचलला, नखाने वाजवून पाहिला, चादरीखालून आपला उरलेला एकुलता पाय पुढे काढला आणि त्याला म्हणाले, "बघ रे, तुझा जोडीदार घरी आला."